कल्याण चार नंबरला येतेय

(मराठीतल्या लाक्षणिक आणि आलंकारिक बोलण्याची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाची प्रस्तावना)

संध्याकाळी ठाणे स्थानकाच्या पुलावर थोडा वेळ उभं राहिलं की कानावर पडणारं बोलणं साधारण असं असतं. "कल्याण गेली का हो?" "आत्ताच गेली. मागून बदलापूर येतेय." "बदलापूर नको, डोंबिवलीला उतरू देत नाहीत. टिटवाळा बघू." शब्दाला शब्द लावून पाहिलं तर यातलं बहुतेक बोलणं खरं नाही. कल्याण कुठेही गेलेलं नाही. उल्हास नदीच्या काठी, दुर्गाडीच्या सोबतीने ते आहे तिथेच आहे. बदलापूर उठून ठाण्याला येत नाही, आणि टिटवाळा आपला गणपती मागे ठेवून फलाटाला लागत नाही. तरीही पुलावरच्या शेकडो माणसांपैकी एकाचाही गोंधळ होत नाही.

त्यातलं क्रियापद नीट ऐकावं. गावाबद्दल बोलताना आपण 'कल्याण आलं' म्हणतो आणि गाडीबद्दल बोलताना 'कल्याण आली'. न उच्चारलेला 'गाडी' हा शब्द क्रियापदाच्या शेवटच्या स्वरात जाऊन बसलेला असतो. डब्यातलं कोणी "कल्याण आलं" म्हणालं की उतरायची तयारी करायची, फलाटावरचं कोणी "कल्याण आली" म्हणालं की चढायची. हा फरक शाळेत कोणी शिकवत नाही, आणि दिव्याला राहणारं पाच वर्षांचं पोरही त्यात चुकत नाही.

आपल्या काव्यशास्त्राने शब्दाच्या या ताकदीला लक्षणा म्हटलं. शब्दाचा सरळ अर्थ देणारी ती अभिधा, सरळ अर्थ अडला की जवळचा दुसरा अर्थ देणारी ती लक्षणा, आणि या दोन्हींच्या पलीकडचं काही सुचवणारी ती व्यंजना. अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या. सरळ अर्थ घेतला तर वाक्य अडलं पाहिजे. नव्या अर्थाचं जुन्या अर्थाशी काही नातं पाहिजे. आणि असं बोलण्यामागे एक तर रूढी असली पाहिजे किंवा काही हेतू. या तिन्ही अटी 'कल्याण गेली' हे वाक्य बिनबोभाट पाळतं. गाव जाऊ शकत नाही, म्हणून अर्थ अडतो. गाडी त्या गावाला जाते, हे नातं. आणि रोज लाखो लोक तसंच म्हणतात, ही रूढी.

शास्त्रकारांचं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं उदाहरण गंगेचं आहे: गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे, असं कोणी म्हणतो. वाहत्या पाण्यावर घरं उभी राहत नाहीत, तेव्हा वस्ती काठावर आहे असं आपण समजतो. मग तो 'काठावर' असं सरळ का म्हणाला नाही? तर 'गंगेवर' म्हटल्याने वस्तीला गंगेचा गारवा आणि गंगेचं पावित्र्य मिळतं. काठ तेवढं देऊ शकत नाही. हा झाला हेतू. घोडबंदर रस्त्याने जाताना घरांच्या जाहिरातींचे फलक वाचा. 'येऊरच्या कुशीत' असं कुठेतरी लिहिलेलं सापडेलच. कूस म्हटलं की डोंगराची आई होते आणि तिसाव्या मजल्यावरचं घर तिच्या पोटाशी निजतं. इमारतीपासून डोंगर किती लांब आहे हे मोजायला मग कोणी जात नाही. 'गंगेवर वस्ती' म्हणणारा आणि आजचा जाहिरात लिहिणारा यांचं काम एकच. पहिल्याला काही विकायचं नव्हतं, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

या पुस्तकाची सुरुवात लक्षणेपासून केली आहे, उपमेपासून नाही. मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाला हा क्रम उलटा वाटेल. शाळेत अलंकार म्हणजे एक तक्ता असतो. सम, समान, सारखा, परी, तुल्य दिसलं की उपमा; जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. वाचक शब्द ओळखा, उपमेय-उपमान लिहा, गुण मिळवा. ही युक्ती परीक्षेपुरती चालते हे मला मान्य आहे, आणि दहावीच्या मुलाला ती शिकवणाऱ्या शिक्षकाची अडचणही मी जाणते. पण त्या तक्त्याने एक समज पक्का रुजवला: भाषा आधी साधी असते आणि कवी नंतर तिच्या अंगावर दागिने घालतो. 'अलंकार' या नावानेच ती दिशाभूल सुरू होते. 'परीक्षेने घाम काढला', 'बाबांचा पारा चढला', 'गणिताने दांडी उडवली' असं दिवसभर बोलणारी मुलगी पेपरात मात्र लिहिते की अलंकार फक्त कवितेत असतात. तिच्या स्वतःच्या तोंडात काय आहे ते तिला कोणी दाखवलेलं नसतं. ते दाखवावं, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

आधीच्या अभ्यासकांबद्दल मला अनादर नाही. मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण', गणेश मोरेश्वर गोरे यांची 'अलंकारचंद्रिका', मो. रा. वाळंबे यांचं घरोघरी पोचलेलं व्याकरण, या सगळ्यांच्या खांद्यावर उभं राहूनच पुढचं लिहिलं आहे. रा. श्री. जोगांचं नाव तर या परिसरात मुद्दाम घ्यायला हवं. जुनं संस्कृत काव्यशास्त्र आणि पाश्चात्त्य समीक्षा एकमेकांशेजारी ठेवून कवितेचा नव्याने विचार करणारं 'अभिनव काव्यप्रकाश' त्यांनी लिहिलं, आणि १९६० साली ठाण्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. ठाण्यात त्यानंतर १९८८ आणि २०१० मध्ये, आणि डोंबिवलीत २०१७ मध्ये संमेलन झालं. एवढ्या संमेलनांच्या गावांतून लाक्षणिक बोलण्याचे नमुने गोळा करायचे, तर ग्रंथांइतकेच ते रस्त्यावरही शोधावेत, असं मी ठरवलं.

आता लोकलमध्ये चढू. इथे शब्द जेवढे कातरले जातात तेवढे दुसरीकडे क्वचितच. 'विंडो मिळाली' म्हणजे खिडकीशेजारची बसायची जागा मिळाली. खिडकी कोणी घरी नेत नाही. 'लेडीजला चढली', 'लगेजमध्ये घुसलो', 'फर्स्टला उभा होतो', ही सगळी डब्यांची नावं, त्यात कोण किंवा काय असतं त्यावरून पडलेली. गाडीला कधी गावाचं नाव, कधी वेळेचं. 'माझी आठ-पंधरा चुकली' यात घड्याळाच्या एका खुणेने आख्ख्या गाडीची जागा घेतली आहे. आणि पुढे जाऊन, 'आमच्या आठ-पंधराने दसऱ्याला डबा सजवला' असं वाक्य येतं. झेंडूची तोरणं घड्याळाने बांधली नाहीत, गाडीनेही नाहीत. त्या गाडीने रोज जाणाऱ्या मंडळींनी बांधली. वेळेवरून गाडी, गाडीवरून माणसं, अशा दोन पायऱ्या एका शब्दाने चढल्या. काव्यशास्त्राच्या मोठ्या ग्रंथात शोभेल असं हे उदाहरण आहे, आणि ते बोलणारा खांद्यावरची बॅग पोटाशी धरून दाराच्या दांड्याला लोंबकळत असतो.

अर्थालंकारांचे प्रकार शास्त्रात वाढतच गेले. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त यमक धरून अलंकार चारच, आणि अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'पर्यंत येता येता ते शंभराच्या वर. नवख्या माणसाची इथेच छाती दडपते. प्रत्यक्षात यातले कितीतरी प्रकार एकाच साम्याशी माणूस किती सलगी करतो, यावरून वेगळे झाले आहेत. लोकलच्या गर्दीचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं साम्य घेऊ: कोंडवाडा. मोकाट गुरं धरून कोंडायची जागा.

"डबा कोंडवाड्यासारखा गच्च भरलाय." ही उपमा. डबा उपमेय, कोंडवाडा उपमान, गच्च भरणं हा दोघांचा समान धर्म आणि 'सारखा' हा जोडणारा शब्द. चारही अंगं हजर, म्हणून पूर्णोपमा. 'गच्च भरलाय' काढून नुसतं 'डबा कोंडवाड्यासारखा आहे' म्हटलं तर लुप्तोपमा. गर्दी की वास की ढकलाढकली, हे ऐकणाऱ्याने भरून घ्यायचं. "डबा जणू कोंडवाडाच." ही उत्प्रेक्षा. बोलणारा अजून शुद्धीवर आहे, डबा तो डबाच हे त्याला माहीत आहे, पण मन कोंडवाड्याकडे झुकलं आहे. "या लोकलच्या कोंडवाड्यात रोज दोन तास काढतो." आता दोन्ही एक झाले, मधला 'सारखा' गळून पडला, हे रूपक. "हा डबा नाहीच, कोंडवाडा आहे." उपमेयाला चक्क नाकारलं, ही अपन्हुती. "डबा आहे की कोंडवाडा?" हा ससंदेह. "कोंडवाडा परवडला, तिथे जनावराला निदान बसायला मिळतं." उपमानापेक्षा उपमेय वरचढ ठरलं, इथे त्रासात वरचढ, हा व्यतिरेक. आणि शेवटी, गाडी थांबता थांबता मागून कोणी ओरडतं, "चला, शिरा कोंडवाड्यात!" डब्याचं नावच उरलं नाही, उपमानाने उपमेय गिळून टाकलं. शास्त्र याला अतिशयोक्तीत घालतं. अतिशयोक्ती म्हणजे निव्वळ फुगवून सांगणं असं आपण समजतो, पण तिचा हा जुना अर्थ अधिक खोल आहे.

साम्य सगळीकडे एकच. बदलली ती बोलणाऱ्याची मनःस्थिती. नागपूरहून आलेल्या पाहुण्याला समजावताना आपण उपमा वापरतो, कारण त्याला दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसायला हव्यात. रेल्वेकडे तक्रार करताना अपन्हुती येते, कारण रागाला मधला 'सारखा' सोसवत नाही. ससंदेह पहिल्यांदा चढणाऱ्याच्या तोंडी शोभतो, तर व्यतिरेक वर्षानुवर्षं प्रवास केलेल्याच्या. विद्यार्थ्याला अलंकाराचं नाव आठवलं नाही तरी चालेल; एकाच साम्याची ही वेगवेगळी बोलणी कोण, कोणाला आणि कशासाठी बोलतं, हे त्याने सांगितलं तर मी त्याला पूर्ण गुण देईन. जाता जाता एक राहिलं: "डोंबिवलीसारखी डोंबिवलीच." दुसरं उपमान सापडत नाही म्हणून वस्तूला तिचीच उपमा, तो अनन्वय. हे वाक्य डोंबिवलीकर जितक्या अभिमानाने म्हणतात तितक्याच वैतागाने, आणि शास्त्रात त्याला नाव मात्र एकच आहे.

डोंबिवलीचा विषय निघालाच आहे तर लक्षणेच्या पहिल्या अटीकडे परत जाऊ: सरळ अर्थ अडला पाहिजे. 'हिरवा पाऊस' हे शब्द कुठल्याही कवितेत आले तर सरळ अर्थ लगेच अडतो. पावसाला रंग नसतो, म्हणून मन पुढे सरकतं आणि पावसाने हिरवी झालेली जमीन, श्रावण, ओली झाडं डोळ्यांपुढे येतात. हेच शब्द जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीची बातमी म्हणून छापून आले. औद्योगिक वसाहतीच्या भागात हिरवट पाऊस पडला होता. पुढे २०२० च्या सुरुवातीला तिथलाच एक रस्ता गुलाबी झाला, तोही रसायनांनी. 'गुलाबी रस्ता' हे शब्द प्रेमकवितेत खपून गेले असते. तिथे मात्र लोक नाकाला रुमाल लावून त्यावरून चालत होते. मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये कारखान्यांतल्या स्फोटांनंतर 'डोंबिवली हादरली' असे मथळे आले. एरवी खुनाच्या किंवा घोटाळ्याच्या बातमीवर 'शहर हादरलं' लिहितात, तेव्हा हादरतं ते माणसांचं मन. या दोन वेळा मनांसोबत भिंतीही हादरल्या होत्या, खिडक्यांच्या काचा फुटल्या होत्या. २६ जुलै २००५ च्या पावसाबद्दल 'आभाळ फाटलं' म्हणणाऱ्या कल्याण-बदलापूरच्या माणसाला तुम्ही अतिशयोक्ती केलीत असं म्हणायची माझी हिंमत नाही.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं की एखादं वाक्य आलंकारिक आहे की नाही, हे वाक्य एकटं ठरवत नाही. ते ज्या गावात, ज्या दिवशी बोललं जातं ते गाव आणि तो दिवसही ठरवतात. संदर्भ तोडून एक ओळ छापायची आणि खाली 'अलंकार ओळखा' लिहायचं, या पद्धतीत नेमकं हेच हरवतं.

ठाण्याच्या वाट्याला आलेल्या एका लक्षणेबद्दल मला कळकळीने लिहायचं आहे. 'याला ठाण्याला पाठवायला हवं' हे वाक्य मुंबई परिसरात वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झालं, आणि बघता बघता गावाचं नाव त्या आवारासाठी वापरलं जाऊ लागलं. पुणेकरांनी येरवड्याचं तेच केलं. नियमांच्या दृष्टीने वाक्य बिनचूक आहे: गावाचं नाव घेऊन गावातली संस्था सुचवायची, 'दिल्लीने नकार दिला' म्हणतो तशीच ही लक्षणा. पण दिल्लीवाल्या वाक्यात कोणी दुखावलं जात नाही. इथे एखादा शीघ्रकोपी मित्र, एखादी विसराळू आत्या, जरा वेगळं वागणारा शेजारी, कोणालाही हे वाक्य चिकटवता येतं, आणि ज्यांच्या घरातलं माणूस खरोखर त्या आवारात उपचार घेऊन आलं आहे त्यांना ते निमूट ऐकून घ्यावं लागतं. दवाखान्यात गेलेला प्रत्येक माणूस बरा होण्यासाठी जातो. 'केईएमला गेला होता' हे आपण सहज सांगतो. 'ठाण्याला गेला होता' हे सांगताना घरातली माणसं आवाज खाली आणतात. हा खाली आलेला आवाज त्या लक्षणेचं काम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाचा सन्मानाने जगण्याचा आणि भेदभाव न होण्याचा हक्क लिहून ठेवला. बोलण्यातलं गाव मात्र कायद्याने बदलत नाही, ते बोलणाऱ्यांनीच बदलायचं असतं. म्हणींच्या प्रकरणात आंधळा, बहिरा, लंगडा यांच्यावर बेतलेल्या, आणि जातींची नावं घेऊन केलेल्या म्हणींबद्दल मी हीच भूमिका घेतली आहे. त्या पुस्तकात आहेत, कारण त्या भाषेत आहेत. पण प्रत्येकीसोबत ती कोणाच्या अंगावर पडते हेही लिहिलं आहे.

रोजच्या बोलण्यातल्या रूपकांकडे विद्वानांचं लक्ष जगभरातच उशिरा गेलं. १९८० साली जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक छोटं पुस्तक लिहून दाखवलं की माणूस विचारच रूपकांतून करतो. वेळ म्हणजे पैसा, हे त्यांचं गाजलेलं उदाहरण. मराठीतही आपण वेळ खर्च करतो, वाचवतो, वाया घालवतो. पण मराठीला तेवढ्यावर थांबवू नये. आपण वेळ काढतो, वेळ मारून नेतो, आपला वेळ दुसरा कोणी खातो, आणि पाहुणा बसूनच राहिला की वेळ जाता जात नाही. वेळ आपल्यावर येतेही, आणि तेव्हा ती बहुधा वाईटच असते. 'वेळ आला' आणि 'वेळ आली' यांत लिंग बदललं की माणसाच्या नशिबाचा प्रश्न उभा राहतो. या सगळ्यामागे पैशाचं एकच रूपक नाही. मराठीतल्या वेळेच्या रूपकांवर कोणीतरी स्वतंत्र अभ्यास करावा, इतकं ते रान मोठं आहे.

रूपकं जुनीही होतात आणि नवी येतातही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली, आणि मराठीच्या हाती नवं सामान आलं. घसरलेला मुलगा रुळावर येऊ लागला. सरकार योजनेला हिरवा कंदील दाखवू लागलं, आणि कंदील जाऊन दिवे आले तरी वर्तमानपत्रांनी कंदील सोडलेला नाही. आता 'डोक्यात मेगाब्लॉक आहे' असं मुलं म्हणतात. त्याआधीचं सामान खाडीतून आलेलं होतं: गळाला लागणं, जाळ्यात सापडणं, किनाऱ्याला लागणं, सुकाणू हाती घेणं. आपल्या उत्साहाला उधाण येतं. शहरातल्या वाचकाला त्या शब्दात फक्त उत्साह ऐकू येतो; खाडीकाठच्या कोळ्याला अमावस्या-पौर्णिमेचं चढलेलं पाणी आणि दोर घट्ट करून ठेवलेली होडी आठवते. मेलेलं रूपक असा शब्द अभ्यासक वापरतात. मला तो पटत नाही. एकाच्या तोंडात मेलेलं रूपक दुसऱ्याच्या अंगणात जिवंत असतं.

जुन्या मराठीकडे वळताना मी दोनच ठिकाणी थांबले आहे. एक, ज्ञानेश्वरीचा आरंभ. शके १२१२ मधल्या त्या ग्रंथात ज्ञानदेव गणेशाची मूर्ती उभी करतात ती सगळी वाङ्मयाची: पुराणं हे दागिने, सहा दर्शनं हे सहा हात, आणि ओंकाराच्या तीन मात्रांत पाय, पोट आणि मस्तक. एक रूपक घेऊन त्याचं एकेक अंग न चुकवता शेवटपर्यंत नेणं, यालाच सांगरूपक म्हणतात. शाळेच्या तक्त्यात त्याला जेमतेम एक ओळ मिळते, इथे मी बरीच पानं दिली आहेत. दुसरं, महानुभावांचा 'दृष्टांतपाठ'. चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत केशिराजबासांनी एकत्र केले. त्यांत अलंकार सजावटीला नाही, तो समजावण्याचं हत्यार आहे. सांकेतिक लिपीत शतकानुशतकं बंद राहिलेलं हे महानुभाव वाङ्मय उजेडात आणण्यात वि. का. राजवाड्यांबरोबर ठाण्याच्या वि. ल. भाव्यांचा वाटा मोठा. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे, आणि १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय उभं करणारे तेच भावे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याहूनही जुनं, १८६४ चं. माझ्या वाचकाने या दोन्ही ठिकाणी जाऊन जुनी पुस्तकं हाताळावीत अशी माझी फार इच्छा आहे.

आणि वाचनालयात जायला जमलं नाही, तर सकाळच्या गाडीतलं भजन ऐकावं. टाळांच्या तालावर संतांची रूपकं आजही मुंब्र्याच्या डोंगराखालून रोज जातात. विठ्ठलाला माउली म्हणणं हे रूपक आहे याची आठवणही त्या डब्यात कोणाला होत नाही, इतकं ते नातं घट्ट झालेलं आहे.

शब्दालंकारांना मी कमी जागा दिली आहे. अनुप्रास आणि यमक कानाला आपोआप कळतात. त्यांची ओळख करून द्यायला पान-दोन पानं पुरतात. श्लेष मात्र अर्थात शिरतो म्हणून त्याला वेगळं प्रकरण. डोंबिवलीला उतरायचं राहिलं की "झालं कल्याण!" म्हणतात, त्यात गावही आहे आणि नशिबाला लावलेला बोलही, त्या प्रकरणाची सुरुवात तिथूनच केली आहे. उपरोध आणि व्याजस्तुती यांची उदाहरणं शोधायला फार हिंडावं लागलं नाही. तास उलटून गेल्यावर येणाऱ्याला "या, फारच लवकर आलात" म्हणणारे सगळीकडे आहेत. चित्रकाव्य आणि अक्षरांचे खेळ पूर्ण वगळले. त्यांत कौशल्य आहे, पण बोलण्यात ते येत नाहीत, आणि या पुस्तकाने बोलण्याची बाजू धरली आहे.

एक बाजू अपुरी राहिली आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही फक्त फलाटांची शहरं नाहीत. इमारतींच्या मधोमध आगरी-कोळ्यांची गावं आहेत, आणि तिथल्या लग्नात धवलारीण अजून धवले गाते. लग्नातल्या विधींना तिच्या गाण्याची साथ असते. त्या गाण्यांतल्या प्रतिमा पुस्तकी मराठीच्या तक्त्यात बसत नाहीत. पलीकडे मुरबाड-शहापूरच्या वाड्यापाड्यांत ठाकर, कातकरी, वारली बोलतात ते तर वेगळंच जग. त्या बोलींतली उदाहरणं बाहेरच्याने ऐकून घाईने छापली की त्यांचा अर्थ हमखास बिघडतो, म्हणून मी ती घेतली नाहीत. ज्यांच्या घरात त्या बोली बोलल्या जातात त्यांनी आपल्या आज्यांचं बोलणं लिहून काढावं, आधी अलंकाराचं नाव न शोधता, जसंच्या तसं, कोण कोणाला कधी म्हणालं यासकट.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. शिक्षकांनी साम्याच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल, मुलांनी म्हणींपासून. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सराव आहे, पण ओळी तोडून 'ओळखा' असं कुठेही विचारलेलं नाही. पहिला सराव असा आहे: घरातून निघाल्यापासून पोचेपर्यंत कानावर पडलेली वाक्यं वहीत उतरवा, आणि ज्यांचा सरळ अर्थ खरा असूच शकत नाही त्यांच्यापुढे खूण करा.